लोकरीने भरतकाम करताना

सुती दोऱ्याची सवय असलेल्या हाताला लोकर सुरुवातीला चुकार वाटते. ती तुटते, पिंजते, कापडातून ओढली जात नाही. बहुतेक वेळा दोष सुईचा असतो.

आधी लोकर खरी आहे का, ते पाहा. थंडीच्या तोंडावर छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, ‘लोकर’ म्हणून मिळणाऱ्या गुंड्या बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिकच्या असतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. शिकायला अ‍ॅक्रिलिक चालेल, पण त्यावर गरम इस्त्री फिरवली की टाके चपटे होऊन चमकतात आणि पुन्हा उठत नाहीत.

धनगरी घोंगडीचं सूत वापरायची इच्छा होईल. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ, केसाळ असते. ती कापडातून ओढू नका, धागा आणि वीण दोन्ही बिघडतात. नक्षीच्या रेषेवर नुसती अंथरा आणि दर अर्ध्या सेंटीमीटरला त्याच रंगाच्या बारीक सुती दोऱ्याने आडवा टाका घालून दाबा. किनारीला ही गोष्ट फार देखणी दिसते.

कापड घट्ट विणीचं हवं: जाड खादी, दुसूती किंवा जाडसर मांजरपाट. झिरझिरीत कापड लोकरीच्या टाक्यांनी आकसतं. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पुढे ते आटेल आणि नक्षीला चुण्या पडतील.

आता सुई. टोकदार, लांब नेढ्याची शेनील सुई घ्या. चारपदरी लोकर अख्खी वापरायची तर १८ नंबर, दोन पदर काढून घेतले तर २२. (नंबर वाढतो तशी सुई बारीक होते.) सुईने पाडलेलं भोक धाग्याहून किंचित मोठं हवं. लहान पडलं की प्रत्येक टाक्याला लोकर घासते आणि दहा-बारा टाक्यांत विरते. याच कारणाने धागा ३५-४० सेंटीमीटरहून लांब घेऊ नका. ओवताना थुंकी लावू नका, धागा फुगतो. सुईवर दुमडून घट्ट चिमटा आणि ती घडी नेढ्यात सरकवा.

गाठ मारायची गरज नाही. जो भाग पुढे भरून झाकला जाणार आहे, तिथे दोन-तीन बारीक धावटाके घाला. लोकर स्वतःच धरून राहते. देठाला उलटी टीप किंवा साखळी, पानाला लांब-आखूड टाका, फुलाच्या मध्याला गाठीचा टाका. एकाच गुंडाळीची गाठ पुरते, लोकर मुळातच फुगीर असते. बारीकसारीक रेषा नक्षीतून आधीच गाळा, त्या लोकरीखाली बुजतात. टाका ओढून घट्ट करू नका. धागा कापडावर टेकला की थांबा. उठताना कापड ताणून धरणारी रिंग काढून ठेवा, नाहीतर भरलेले टाके दबतात.

वैशाख-ज्येष्ठात घामट बोटांनी लोकर लवकर पिंजते, तेव्हा सकाळचं काम बरं.

धुण्याआधी पांढरा ओला कपडा लाल-निळ्या रंगांवर दाबून पाहा. रंग उतरला तर धुऊच नका. नाही उतरला तर थंड पाण्यात रिठ्याच्या फेसात पाच मिनिटं बुडवा. चोळू-पिळू नका, गरम पाणी आणि चोळणं यांनी लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून नमदा, म्हणजे दाट घट्ट गोळा, होतो. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत आडवं वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. पेटीत ठेवताना पूर्ण कोरडं आणि स्वच्छ असू द्या, कारण कसर घामाचे, तेलाचे डाग असलेल्या लोकरीला आधी लागते. महिन्या-दोन महिन्यांनी उघडून झटका.