नवीन फार्मसिस्टला ड्यूटीवरच अभ्यास करायला कसं शिकवावं

आमच्या रुग्णालयात दरवर्षी दोन-तीन नवीन फार्मसिस्ट येतात. फार्म.डी. ही सहा वर्षांची पदवी घेतलेल्यांनी निदान एक प्रोजेक्ट केलेला असतो. डी.फार्म., बी.फार्म.ची मुलं मात्र ‘रिसर्च’ म्हटलं की मागे सरकतात. मी त्यांना विषय देत नाही. एक वही देते आणि सांगते, पंधरा दिवस ड्यूटीवर जे खटकेल ते तारीख घालून लिही.

एका मुलीच्या वहीत आठव्या दिवशी होतं: ‘पॅन्टोप्राझोल इंजेक्शन ४० मिग्रॅ. त्याच पेशंटला मेटफॉर्मिनची गोळी. मग पॅन्टोप्राझोलचीही गोळी का नाही?’ इंडेंटच्या, म्हणजे वॉर्डाकडून येणाऱ्या औषधांच्या मागणीच्या, एकाच कागदावर या दोन ओळी एकाखाली एक होत्या. पेशंट गोळ्या गिळतोय आणि ॲसिडिटीचं औषध मात्र शिरेतून जातंय. हे औषध काढून देणाऱ्याच्या नजरेस रोज पडतं. म्हणून प्रश्न काउंटरवरूनच यावा, असं माझं ठाम मत आहे. इंटरनेटवरून उचललेला विषय मुलं दोन आठवड्यांत सोडून देतात.

मग त्या ‘का’चं ‘किती’ करायचं. मेडिसिन वॉर्डात, ठरलेल्या दोन आठवड्यांत, या इंजेक्शनवर असलेल्या किती पेशंटना त्याच दिवशी तोंडाने दुसरं औषध चालू होतं? एवढंच. कोणाला वगळायचं तेही आधीच लिहून ठेवायचं: उपाशी ठेवलेले, पोटात रक्तस्राव झालेले. राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) औषध जाणाऱ्यांना धरायचं की नाही, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. असा वाद माहिती गोळा करण्याआधी व्हायला हवा. नंतर झाला, तर माणूस नकळत आपल्याला हवं ते उत्तर निवडतो.

वाचनाला पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची पुरे, ती फुकट आहे. मुलांना सांगते, निष्कर्ष शेवटी वाच. आधी ‘पद्धत’ हा भाग वाच आणि त्यांनी कोणाला मोजलं, कोणाला वगळलं ते वहीत उतरव.

परवानगीत घाई करू नका. ‘नुसते केसपेपर तर बघायचेत’ असं म्हणून कुणी सुरुवात करू नये. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा: पूर्ण तपासणी लागेल की सूट मिळेल, हे एथिक्स कमिटी (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) ठरवते, आपण नाही. तक्त्यात पेशंटचं नाव नको, कोड नंबर हवा; नाव आणि कोड जुळवणारी यादी वेगळी, कुलपात.

तक्ता आठ रकान्यांहून मोठा करू देऊ नका. तो आधी दहा केसपेपरवर चालवून बघा. तेच दहा कागद दोघांनी वेगवेगळे बसून भरायचे आणि मग शेजारी ठेवून ताडायचे. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे रकान्याची व्याख्या कच्ची आहे. रिकामी जागाही चालवून घेऊ नका. ‘नाही’, ‘केसपेपरवर लिहिलेलं नाही’ आणि ‘मी पाहिलं नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना तीन वेगळ्या खुणा हव्यात. हे मी नुकसान सोसून शिकले. पूर्वी एका ठिकाणी मी तातडीच्या औषधांना लागणारा वेळ मोजत होते. तीन आठवड्यांनी कळलं, की वॉर्डातलं घड्याळ आमच्या कॉम्प्युटरपेक्षा अकरा मिनिटं पुढे होतं. ते पुढे कधी गेलं हे कुणालाच सांगता येईना. सगळे कागद बाजूला ठेवावे लागले. तेव्हापासून वेळेचा अभ्यास असेल, तर पहिल्या दिवशी घड्याळं जुळवून घेते.

आकडेमोडीला एक्सेल पुरतं. सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक मात्र हाताने करून दाखवा. पाच पेशंटना इंजेक्शन २, २, ३, ३ आणि २० दिवस चाललं, तर सरासरी ६ येते, मध्यक ३. एका पेशंटमुळे चित्र कसं बदलतं, हे मुलांना लगेच उमगतं.

जोडीला संशयित दुष्परिणामाचा फॉर्म भरायला लावा. देशाचा औषध दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्रास औषधामुळेच झाला का, हे गुण देऊन तपासणाऱ्या नारान्जो तक्त्यातले दहा प्रश्न विचारताना ‘औषधानंतर झालं’ आणि ‘औषधामुळे झालं’ यांतलं अंतर कळतं.

आणि वेळ द्या, हे इन्चार्जला कळकळीने सांगते. ‘घरी जाऊन कर’ म्हणू नका. आमच्याकडे बुधवारी तीन ते चार, डिस्चार्जची गर्दी ओसरल्यावर, त्या मुलाला काउंटरवरून उठवतात आणि त्याच्या जागी मी बसते.

निष्कर्ष आधी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवा, मग डॉक्टरांना. कुठल्या डॉक्टरांच्या किती चिठ्ठ्या, हे तक्त्यात येऊ देऊ नका. त्या मुलीने एका पानावर मांडलं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “मग आम्ही काय करावं?” तिने उत्तर तयार ठेवलं होतं: तोंडाने औषध सुरू झालेल्या पेशंटच्या इंडेंटवर फार्मसी पेन्सिलीने ‘गोळी चालेल का?’ असं लिहील, निर्णय डॉक्टरांचा. त्यांनी होकार दिला. महिन्याने तोच तक्ता, तेच नियम घेऊन तिने पुन्हा मोजायला घेतलं, आणि यावेळी ताडण्यासाठी तेच कागद वेगळे भरायला यंदाचा नवा मुलगा तिच्या शेजारी बसला होता.