लाकडी कुटीचा आराखडा: सुरुवात पाण्यापासून

निसर्गाच्या सान्निध्यात लहानशी लाकडी कुटी उभारायचे ठरले की बहुतेक जण खिडकीतून काय दिसावे याचाच विचार आधी करतात. आराखड्याची सुरुवात मात्र पाण्यापासून करावी, आणि त्याचे कारण पर्यावरणाशी थेट निगडित आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग कार्बनचा असतो. ५०० किलो भरणाऱ्या एका घनमीटर कोरड्या लाकडात सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन साठलेला असतो, पण हा साठा लाकूड टिकेल तोवरच राहतो. दहा-बारा वर्षांत कुजून पाडावी लागणारी कुटी कितीही ‘हरित’ साहित्याची असली तरी तिला पर्यावरणपूरक म्हणणे कठीण आहे. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते कुजवणारी बुरशी वाढत नाही. लाकूड अधूनमधून भिजले म्हणून बिघडत नाही. भिजल्यावर त्याला वाळायला वाव मिळाला नाही की ते कुजू लागते.

म्हणून जागा निवडताना ती एकदा भर पावसात पाहावी. पाणी कुठून येते, कुठे साचते आणि कुठून वाहून जाते हे कोरड्या दिवशी नीट कळत नाही. उतारावरची सर्वांत खोल जागा टाळावी. मोठ्या झाडाच्या अगदी बुडाशी बांधण्याचा मोहही टाळावा, कारण तिथे मुळांना इजा होते, छपरावर पाला साचतो आणि भिंतींना ऊन-वारा मिळत नाही.

पायाच्या बाबतीत नॉर्वेतील जुनी लाकडी चर्च पाहण्यासारखी आहेत. सुरुवातीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि बुंध्याशी कुजल्यामुळे ती टिकली नाहीत. पुढे खांब दगडी पायावर आडव्या ठेवलेल्या तुळयांवर उभे केले जाऊ लागले. बाराव्या शतकाच्या अखेरीस अशा पद्धतीने बांधलेले बोर्गुंडचे चर्च आजही उभे आहे. लहान कुटीला सलग काँक्रीटचे जोते घालण्याची सहसा गरज नसते. दगडी किंवा काँक्रीटचे सुटे ठोकळे, अथवा जमिनीत फिरवून बसवायचे पोलादी स्क्रू-खांब पुरेसे होतात. त्यामुळे माती कमी उकरली जाते, पावसाचे पाणी खालून वाहत राहते आणि पुढे कुटी हलवायची झाली तर जमीन जवळपास पूर्ववत करता येते. तळाच्या तुळया जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर उंच असाव्यात, म्हणजे वारा खेळतो आणि खाली वाकून तपासणीही करता येते. वाळवीच्या प्रदेशात खांब आणि तुळई यांच्या मध्ये कडा बाहेर काढलेला धातूचा पत्रा बसवावा. तो वाळवीला पूर्णपणे अडवत नाही, पण तिला मातीची नळी पत्र्याच्या कडेवरून उघड्यावर न्यावी लागते आणि ती वेळेत नजरेस पडते.

छपराची वळचण हे कुटीचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे, आणि नव्या, चौकोनी डब्यासारख्या आराखड्यांत नेमके तेच वगळले जाते. वळचण भिंतीला पावसापासून वाचवते आणि उन्हाचेही नियमन करते. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, दुपारी सूर्याची उंची ९० अंशांतून त्या जागेचा अक्षांश वजा करून मिळते. ऐन उन्हाळ्यात तीत २३.४ अंश मिळवावेत, ऐन हिवाळ्यात तेवढेच वजा करावेत. ४५ अक्षांशावर हे आकडे ६८.४ आणि २१.६ अंश येतात. अशा ठिकाणी ६० सेंटीमीटर वळचणीची सावली उन्हाळ्यातील दुपारी सुमारे दीड मीटर खाली उतरते, तर हिवाळ्यात जेमतेम २४ सेंटीमीटर. म्हणजे दुपारच्या उन्हाकडे तोंड असलेली खिडकी उन्हाळ्यात सावलीत राहते आणि हिवाळ्यात तिच्यातून ऊन आत येते. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य डोक्यावरून पलीकडे सरकत असल्याने तिथे दोन्ही बाजूंचा हिशेब करावा लागतो.

बाहेरच्या फळ्या भिंतीला चिकटवून ठोकू नयेत. मागे २० ते २५ मिलिमीटर पोकळी ठेवून ती खाली-वर उघडी ठेवावी आणि तोंडांना कीटकांसाठी जाळी लावावी, म्हणजे फळीमागे गेलेले पाणी निथळते आणि उरलेला ओलावा वारा नेतो. फळीचे कापलेले टोक बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी शोषते, म्हणून उभ्या फळ्यांची खालची टोके तिरपी कापून त्यांना तेल किंवा सीलरचा हात द्यावा. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते आणि फुगते. त्यामुळे रुंद फळी दोन्ही कडांना घट्ट आवळली तर चिरते. कोणत्याही जातीचे असो, सालीलगतचे फिकट लाकूड लवकर कुजते, तेव्हा बाहेरच्या बाजूला गाभ्याचे लाकूड घ्यावे. साग, ओक, सीडार यांसारख्या लाकडांत साध्या लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडतात; तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

काचेची अख्खी भिंत निसर्गाशी जवळीक साधते, हे मला पटत नाही. ती उष्णता आत-बाहेर जाऊ देते, पक्षी तिच्यावर आदळतात आणि कुटीत आडोसा उरत नाही. बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येणारी एक नेमकी खिडकी आणि छपराखालचा खोल ओटा यांनी अधिक साधते. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने १९५०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्वतःसाठी बांधलेली कुटी केवळ ३.६६ मीटर लांब-रुंद आणि २.२६ मीटर उंच होती. झोपणे, लिहिणे आणि सामान ठेवणे यांची सोय त्याने भिंतीलगतच्या जोडलेल्या फर्निचरमध्ये केली होती. इतक्या लहान जागेत श्वासाचा आणि स्वयंपाकाचा दमटपणा चटकन साचतो, म्हणून एक झडप खाली आणि दुसरी समोरच्या भिंतीत उंचावर ठेवावी. थंड प्रदेशात भिंतीतील बाष्परोधक थर उबदार, म्हणजे आतल्या बाजूला असावा. उष्ण-दमट हवेत वातानुकूलन वापरणार असाल तर हा हिशेब उलटतो.

जाड तुळई आगीत मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर या वेगाने कोळसा होत जाते आणि आतले लाकूड बराच वेळ भार पेलत राहते, पण पातळ फळ्यांना हा दिलासा नाही. शेगडीभोवती उत्पादकाने सांगितलेले अंतर काटेकोरपणे पाळावे आणि सरपण भिंतीला टेकवून रचू नये.

छपरावरचे पाणी साठवायचे असेल तर हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. टाकी आणि तिच्यातून ओसंडणारे पाणी कुटीपासून उताराच्या खालच्या बाजूला न्यावे. जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांनी सर्वांत खालची फळी आधी खराब होणार हे गृहीत धरून ती वरच्या फळ्या न उचलता काढता येईल अशी स्क्रूने बसवावी, आणि दर पावसाळ्यानंतर तिथला ओलावा साध्या ओलावामापकाने तपासावा.