आधी वही, मग कॅमेरा

मी फार्मासिस्ट आहे. दुकान साडेनऊला उघडतं. घरून निघालं की वाटेत पुण्याची महात्मा फुले मंडई लागते. गेली सहा वर्षं सकाळी आठच्या सुमारास मी तिथे पंधरा मिनिटं थांबते, एक चित्र काढते आणि एक फोटो घेते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, तेवढंच. पण त्यातल्या एका पेपरनं मला हा सराव दिला, म्हणून तो नीट सांगते.

तो पेपर म्हणजे स्मरणचित्र. आठवतं ना? भाजीवाली, बसथांबा, नळावरची गर्दी असे विषय यायचे आणि आम्ही आधीच घोटून ठेवलेली माणसं कागदावर उतरवायचो. त्यात स्मरण होतं, पण ते कुणाला प्रत्यक्ष पाहिल्याचं नव्हतं. आता मी तोच पेपर खऱ्या अर्थानं सोडवते. एक माणूस किंवा एक वस्तू निवडायची. दोन मिनिटं नुसतं बघायचं. हातात पेन नाही, फोन तर नाहीच. मग पाठ फिरवायची, दहा-वीस पावलं लांब जायचं आणि आठवेल तेवढं काढायचं. चित्र झालं की परत जाऊन त्याच जागेवरून फोटो घ्यायचा. दुपारी दुकानात गर्दी ओसरली की चित्र आणि फोटो शेजारी ठेवून ताडून बघायचं.

क्रम उलटा करू नका, एवढा माझा आग्रह आहे. आधी फोटो काढला की डोळे सैल पडतात, कारण सगळं फोनमध्ये आलंय हे मनाला कळलेलं असतं. माझ्याकडे असे हजारो फोटो होते. एकदा फोन बिघडला, ते सगळे गेले, आणि त्यांतले दहासुद्धा मला आठवेनात. ज्यांची चित्रं काढली होती त्या जागा मात्र अजून डोळ्यांपुढे आहेत.

ताडून बघताना चित्र छान आलंय का, हे बघायचंच नाही. काय चुकलं ते शोधायचं. मंडईच्या मधल्या अष्टकोनी मनोऱ्याचं छप्पर मी कित्येक दिवस प्रत्यक्षापेक्षा बुटकं काढत होते. हातगाडीची चाकं नेहमी लहान व्हायची. माणसांची डोकी मोठी येत, कारण आपण चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतो आणि जे जास्त बघितलं ते कागदावर मोठं होतं. अशी एक चूक सापडली की दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्यावर नजर ठेवायची. आठवडाभर मी नुसत्या चाकांचीच चित्रं काढली आहेत.

कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या हातांचं चित्र मी आनंदानं त्यांना दाखवायला नेलं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "ताई, सुतळी उलटी वळवलीय तुम्ही. मी डावखुरी हाय." फोटो उघडला, तर खरंच सुतळी डाव्या हातात. कितीतरी महिने मी त्यांच्याकडून कोथिंबीर घेत होते. माणसाचं चित्र त्याला दाखवायचं ते यासाठी. त्याला आपलं काम आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि फोटो घ्यायच्या आधी विचारायचं, हेही त्यात आलंच. कुणी नको म्हटलं तर वजनकाट्याचा घ्या, पाटीचा घ्या.

साहित्याला फार खर्च नाही. शाळेची चित्रकलेची वही मी बाइंडरकडून मधोमध कापून, शिवून घेते. ती पर्समध्ये मावते. पेन साधं बॉलपेन. पेन्सिल फोरबीसारखी मऊ असली तर पानं घासून काळी होतात, शिवाय खोडायचा मोह होतो. जेलपेनची एक अख्खी वही माझी जुलैच्या पावसात वाहून गेली. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती थेंबांना दाद देत नाही. पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ न चुकता लिहा.

वेळ लिहायला लागले तेव्हा मला उजेडाचं खरं भान आलं. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणून आठ वाजता सावल्या लांबच लांब असतात आणि साध्या मुळ्याच्या ढिगाचीही एक बाजू उजळलेली, एक अंधारी दिसते. मे महिन्यात त्याच आठला ऊन चढलेलं असतं, सावल्या आखडतात. तेव्हा मी उघड्यावर न थांबता आत कमानीपाशी जाते. तिथे उजेड एकाच बाजूनं येतो.

फोन कुठलाही चालेल, पण आधी सुती रुमालानं लेन्स पुसा. पर्समधल्या फोनवर बोटांचे ठसे असतातच आणि त्यानं फोटो धुरकट येतो. पडद्यावरच्या चौकटीच्या रेघा चालू करा, मनोरा कललेला येणार नाही. सर्वांत उजळ जागेवर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा, म्हणजे टोमॅटोवरची चकाकी पांढरीफटक होत नाही. चेहरे आणि हात फार जवळून घेऊ नका. फोनची लेन्स रुंद कोनाची, जवळचं नाक किंवा बोट फुगवून दाखवते. दोन पावलं मागे सरा आणि मग झूम करा. निळ्या ताडपत्रीखाली सगळी भाजी निळसर येते. तिथे मी पांढऱ्या कपड्यावर किंवा गोणपाटावर ठेवलेली वस्तू शोधते, नाहीतर ताडपत्रीच्या कडेला येते. फोटो रोज एकच. दुसरा काढायची मुभा ठेवली की पहिल्याच्या वेळी नीट बघणं होत नाही.

महिन्यातून एकदा चार-पाच फोटोंच्या छोट्या प्रती काढून वहीत त्या-त्या चित्राशेजारी चिकटवते. मेट्रोचं काम चालू होतं तेव्हाची पानं उघडली की मनोऱ्याच्या पुढे पत्रेच पत्रे. तेव्हा ते मला खुपायचे, चित्रातून गाळावेसे वाटायचे. गाळले नाहीत याचं आज समाधान आहे.

रविवारी किंवा आजारपणात बाहेर पडणं होत नाही. त्या दिवसासाठी मिसळणाचा डबा पुरतो. रोज हात जातो, तरी झाकण न उघडता सातही वाट्या कागदावर काढा: मोहरी कुठे, हळद कुठे, कुठली वाटी अर्धी रिकामी, चमचा कुठल्या वाटीत. काढून झालं की डबा खिडकीपाशी न्या, झाकण उघडा आणि वरून सरळ एक फोटो घ्या.