सोलापुरात कामू कामू लावताय? या चुका टाळा

कामू कामू हे जांभूळ आणि पेरूच्या कुळातले झुडूप ॲमेझॉनच्या खोऱ्यात, मुख्यतः पेरू आणि ब्राझील या देशांत, नद्यांच्या काठी पाणथळ जागी वाढते. पुराच्या दिवसांत ते कित्येक महिने पाण्यात उभे राहते आणि त्याला बोराएवढी, लालसर जांभळी, अतिशय आंबट फळे येतात. ताज्या गरात वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के क जीवनसत्त्व असते, म्हणजे आपल्या आवळ्यापेक्षाही पुष्कळ जास्त. त्यामुळे अलीकडे हौशी बागायतदार त्याची रोपे मागवू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र सोलापूर परिसरात या झाडाचा खरा शत्रू कोरडेपणापेक्षा चुनखडी आहे, हे लक्षात न घेतल्यास रोप हाती लागत नाही.

पाणथळ जागेचे झाड म्हणून ते शेतातल्या चिबड तुकड्यात लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. ॲमेझॉनच्या ज्या काळ्या पाण्याच्या नद्यांकाठी ते वाढते, त्या नद्यांचे पाणी आम्लधर्मी असते आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त असून तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप; ७ च्या वर विम्ल) ८ च्या आसपास किंवा त्याहून वर असतो. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. ते फसफसले, तर त्या मातीत कामू कामू लावू नये. अशा जमिनीत गंधक मिसळूनही फारसा उपयोग होत नाही, कारण गंधकापासून तयार होणारे आम्ल चुना खाऊन टाकतो. त्यापेक्षा मोठ्या कुंडीत किंवा ड्रममध्ये कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि चुनखडी नसलेली लाल माती यांचे मिश्रण भरणे शहाणपणाचे ठरते.

पुढची चूक पाण्याची. बोअरचे जड पाणी रोज घातले की काही महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरा थर साचतो आणि कोवळ्या पानांवर केवडा दिसू लागतो, म्हणजे पान पिवळे पडते, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असूनही अनेक जण युरिया घालतात, आणि त्याने दुखणे तसेच राहते. मातीतून हिराकस (फेरस सल्फेट) दिले तरी चुनखडीत ते लवकरच निरुपयोगी होते. बाजारात चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, मिळते; त्यातले ईडीटीए स्वरूपातील लोह जास्त सामूला टिकत नाही, म्हणून ईडीडीएचए स्वरूपातील लोह मागून घ्यावे आणि लेबल वाचूनच मात्रा द्यावी. त्याचबरोबर पाणी बदलले नाही, तर केवडा पुन्हा येणारच. छतावरचे पावसाचे पाणी साठवून वापरणे सर्वोत्तम. आरओ यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी मात्र कधीही घालू नये, कारण त्यात क्षार अधिकच दाटलेले असतात.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कोरडा वारा सुटतो, तेव्हा कोवळ्या पानांच्या कडा करपतात. त्या वेळी शेडनेट आणि जाड आच्छादन हवे. कुंडीखालच्या थाळीत पाणी भरून ठेवण्याची घाई करू नये, कारण उन्हात तापलेल्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि कोवळी मुळे कुजण्याची भीती असते. मिश्रण सदैव ओलसर राहील, एवढेच पाहावे.

वाळवलेले बी विकत घेणेही व्यर्थ आहे, कारण या झाडाचे बी सुकले की त्याची उगवणशक्ती जाते. ताज्या फळातले ओलसर बी किंवा तयार रोपच घ्यावे. बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला साधारण ३ ते ४ वर्षे लागतात. परपरागीभवनाने, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग मिळाल्याने, फळधारणा सुधारते, म्हणून जागा असल्यास एकापेक्षा अधिक रोपे लावावीत.

फळे हाती आल्यावर ती फार काळ टिकत नाहीत. ती धुऊन, बिया काढून गर लगेच गोठवावा आणि सरबतासाठी लागेल तेवढाच वापरावा. मुरंब्यासाठी तो उकळत ठेवला, तर ज्या क जीवनसत्त्वासाठी हा खटाटोप केला त्याचा बराचसा भाग उष्णतेने नष्ट होतो.