मोठा क्रॉसब्रीड कुत्रा दत्तक घेताय? या चुका टाळा

शेल्टरमधून तीस-पस्तीस किलोचा लॅब-क्रॉस किंवा शेफर्ड-क्रॉस घरी आणायचा ठरला की आधी गुबगुबीत बिछाना येतो, मग नावाचं लॉकेट. कॉलर-पट्टा मात्र जाता जाता कुठल्यातरी दुकानातून उचललेला. सगळ्यात मोठी गडबड इथेच होते.

प्रकार ठरलेला. शनिवारी कुत्रा आणतात, सोसायटीच्या गेटपाशी गाडीचं दार उघडतात, मागून टेम्पो हॉर्न मारतो. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो. बऱ्याच क्रॉसब्रीडचं, विशेषतः कारवानी या सडपातळ शिकारी जातीचा अंश असलेल्यांचं, डोकं निमुळतं आणि मान जाड असते. साधी कॉलर कानांवरून सहज निसटते आणि कुत्रा रस्त्यावर. मग अख्खं कुटुंब "ब्रूनो, ब्रूनो" करत मागे धावतं. ते नाव त्याला मिळालंय त्याच दिवशी सकाळी! पाठीमागे ओरडत धावणारी अनोळखी माणसं पाहून तो आणखी लांब पळतो.

उपाय सोपा आहे, पण आळस नको. मार्टिंगेल कॉलर घ्या. ती ओढ बसली की ठरावीक मापापर्यंत आवळते, गळा दाबत नाही. कॉलरखाली दोन बोटं जातील इतकीच सैल ठेवा. सोबत छातीभोवती बांधायचा हार्नेस, आणि दोन्हींना वेगळा पट्टा, सुमारे सहा फुटांचा. गुंडाळला जाणारा लांब पट्टा मोठ्या कुत्र्याला अजिबात नको. गाडीचं किंवा घराचं दार उघडण्याआधी पट्टा अडकवलेला आणि हातात धरलेला हवा. फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून. तरीही सुटलाच तर पाठलाग करू नका. अंगावर न जाता, बाजूला तोंड करून खाली बसा, उकडलेलं चिकन टाका आणि शेल्टरमधल्या त्याच्या ओळखीच्या माणसाला बोलावून घ्या.

दुसरी चूक म्हणजे गुरगुरला म्हणून चापट मारणं. "मालक कोण ते कळायला हवं" म्हणत खाताना भांडं ओढून घेणारे काका प्रत्येक इमारतीत एक तरी असतातच. गुरगुरणं ही सूचना असते. मारून ती बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतील. त्याआधीच्या खुणा बघायला शिका: जेवताना अचानक ताठ होणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, घाईघाईनं गिळायला लागणं. त्याच्या भांड्याला हात लावू नका. चार-पाच फुटांवरून चिकनचा तुकडा भांड्याकडे टाका आणि निघून जा. माणूस जवळ आला की जास्त मिळतं, हे काही आठवड्यांत त्याला कळतं. लहान मुलं तोवर जेवणाच्या वेळी दुसऱ्या खोलीत. "आमचा चिंटू काही करत नाही" हा युक्तिवाद कुत्र्याला लागू नाही.

घरी आल्याआल्या आंघोळ, नातेवाइकांची गर्दी आणि सेल्फी नकोत. पहिले काही दिवस एक शांत कोपरा पुरे.

खाणं एकदम बदलू नका. शेल्टरमध्ये काय देत होते ते विचारा आणि नवं अन्न सात ते दहा दिवसांत थोडं थोडं वाढवा, नाहीतर जुलाब ठरलेले.

पहिल्याच आठवड्यात व्हेटकडून रक्ताची तपासणी, प्लेटलेट्ससकट. गोचीडतापात कुत्रा सुस्त होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. ताप आला म्हणून घरातली क्रॉसिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. ती विषासमान ठरू शकते.

कानाला खाच असेल तर बहुधा नसबंदी झालेली असते, तरी कागद मागून घ्या. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र पालिकेच्या परवान्यालाही लागतं.

गुळगुळीत टाइल्सवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात आणि सांध्यांवर ताण येतो. त्याच्या वाटेवर रबरी चटया टाका.

जेवण दिवसातून दोनदा विभागून द्या आणि त्यानंतर तासभर पळापळ नको. रुंद छातीच्या मोठ्या कुत्र्याचं पोट वायूनं फुगून पीळ पडू शकतो. ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, पोट टणक होतं, अस्वस्थ फेऱ्या सुरू होतात. अशा वेळी ओवा-जिऱ्याचे प्रयोग करत बसू नका. रात्री दोन वाजलेले असले तरी लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. तो नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.