अग्निशमन दलाची भरती आणि देखरेख : नगरपरिषदांनी या चुका टाळाव्यात

नगरपरिषदेच्या आवारात लाल बंब उभा असतो, भिंतीवर १०१ रंगवलेले असते, आस्थापना यादीत बारा-पंधरा नावे असतात. तरी रविवारी पहाटे तीनला वर्दी (आगीची खबर) आली की गाडीवर चालक आणि एक फायरमन एवढेच निघतात. निधी नाही, हे कारण लगेच सांगितले जाते आणि ते अनेकदा खरेही असते. पण निधी मिळालेल्या ठिकाणीही हेच चित्र दिसते, कारण माणसांचा हिशेबच चुकीचा मांडलेला असतो.

अग्निशमन सेवा हा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय प्रशिक्षण देते, तांत्रिक मार्गदर्शन करते. मात्र पद मंजूर करून घेणे, माणूस नेमणे, त्याचा पगार काढणे आणि त्याच्या कामावर नजर ठेवणे हे मुख्याधिकारी किंवा आयुक्तांच्या कार्यालयालाच करावे लागते. पुढच्या बहुतेक चुका तिथल्याच आहेत.

मंजूर पदे मोजणे, पाळीतली माणसे न मोजणे

पाण्याच्या एका बंबावर सहा जण लागतात : एक प्रमुख (लीडिंग फायरमन, काही दलांत तांडेल), एक चालक-यंत्रचालक आणि चार फायरमन. चार कशाला, असा प्रश्न लेखा विभाग हमखास विचारतो. धुरात श्वसनसंच घालून आत जाणारे नेहमी जोडीने जातात. त्यांची आत जाण्याची वेळ आणि सिलिंडरमधला दाब लिहून ठेवायला दारात एक जण थांबतो. होज (पाण्याची नळी) पसरणे, हायड्रंट (बंबाला पाणी देणारा नळ) उघडणे, टँकरला जोड देणे यासाठी चौथा. चालक पंपापासून हलू शकत नाही. यातला एक कमी झाला की सर्वांत आधी दारातली नोंद बंद होते आणि आतल्या दोघांची हवा संपत आली हे बाहेर कुणालाच कळत नाही.

सहा जण, तीन पाळ्या, म्हणजे अठरा. बरेच प्रस्ताव इथेच थांबतात आणि खरी चूक इथेच होते. एक कर्मचारी वर्षात किती दिवस हजर असतो ते पाहा. ३६५ मधून साप्ताहिक सुट्या ५२, अर्जित रजा ३०, नैमित्तिक रजा ८, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून १० धरल्या तर उरतात २६५. ३६५ भागिले २६५ म्हणजे १.३८. अठराला त्याने गुणले की २४.८ येतात. एका गाडीला पंचवीस माणसे लागतात ती अशी.

हाच हिशेब उलटा करा. मंजूर पदे बारा असतील तर रोज हजर सरासरी पावणेनऊ, म्हणजे पाळीला तीनसुद्धा नाहीत. चालकांचे तर आणखी फसवे. एका गाडीला चार चालक पुरतील असे वाटते. चौघे मिळून वर्षात १,०६० पाळ्या भरतात, लागतात १,०९५. उरलेल्या पस्तीस पाळ्यांत गाडी असते, चालक नसतो. सुट्यांच्या काळात सगळे एकदम रजा मागतात, म्हणून या पाळ्या बहुधा दिवाळीत पडतात, नेमक्या फटाक्यांच्या रात्री. पाचवा चालक त्यासाठी हवा. तो मिळेपर्यंत दोन-तीन फायरमनना जड वाहनाचा परवाना काढायला लावून पंपाचे प्रशिक्षण द्यावे.

यावर चोवीस तास काम, चोवीस तास सुटी असा तोडगा अनेक ठिकाणी रूढ आहे. कागदावर जागा भरलेली दिसते, पण आठवड्याला सरासरी ८४ तास होतात. बावीस तास जागलेल्या माणसाला शिडीवर चढवायचे की नाही, हे ठरवायची वेळच येऊ देऊ नये.

आणखी एक गळती यादीत कधीच दिसत नाही. बंबाचा चालक पाणीपुरवठ्याच्या टँकरवर, फायरमन वसुली पथकात, गाडी रस्ता धुवायला किंवा झाडांना पाणी घालायला. सरळ कार्यालयीन आदेश काढा : वर्दीशिवाय गाडी हलवायची तर स्थानक प्रमुखाची लेखी नोंद हवी आणि टाकी भरूनच गाडी परत जागेवर लागली पाहिजे. विसर्जन, यात्रा, सभा यांचा बंदोबस्त टळत नाही. तो शहर सांभाळणाऱ्या एकमेव गाडीवर टाकू नये, शेजारच्या नगरपरिषदेची गाडी आधी पत्र देऊन मागवावी.

भरतीचा प्रस्ताव अर्ध्या वाटेवर अडकणे

प्रस्ताव परत येण्याची कारणे ठरलेली आहेत : आकृतिबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) पदच नाही, सेवाप्रवेश नियम मंजूर नाहीत, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षित प्रवर्गाचे याची क्रमवारी) तपासलेली नाही किंवा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या वर गेला आहे. यातली पहिली तीन कामे कार्यालयाच्या हातातली आहेत आणि ती याच क्रमाने करायची असतात. बिंदुनामावली विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित होईपर्यंत जाहिरातीचा मसुदा करण्यात वेळ घालवू नये, कारण आकडे बदलले की तो पुन्हा लिहावा लागतो.

समांतर आरक्षणात हमखास गोंधळ होतो. महिला ३० टक्के, माजी सैनिक १५ टक्के, खेळाडू ५ टक्के हे सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजायचे असते. एकूण पदांतून वेगळे काढून ठेवायचे नसते. निवडयादी न्यायालयात अडकायला एवढी चूक पुरते.

निवृत्तीचे गणितही आधीच मांडावे. दहा वर्षे भरती झाली नसेल तर दलाचे सरासरी वय पन्नाशीकडे सरकलेले असते आणि एकाच तुकडीत लागलेले लोक दोन-तीन वर्षांत एकदम निवृत्त होतात. पुढच्या पाच वर्षांत कोण कधी बाहेर पडणार याचा एक पानी तक्ता मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर असावा. निवड झाल्यावर रुजू होणे, पोलिस पडताळणी आणि स्थानिक सराव यांत सहा महिने सहज जातात.

प्रमाणपत्र पाहिले, पडताळले नाही

अग्निशामक (फायरमन) पदासाठी सामान्यतः दहावी आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मागितला जातो. अधिकारी पदांसाठी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयाचे अभ्यासक्रम चालतात. बाजारात मात्र ‘फायर अँड सेफ्टी’ नावाचे पदविका वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यातले बरेचसे कारखान्यातल्या सुरक्षा पर्यवेक्षकासाठी असतात. तिथे शिकलेल्याने पंप चालू करून पाहिलेला असेलच असे नाही. ‘किंवा समकक्ष’ एवढेच शब्द जाहिरातीत टाकले की वाद ओढवून घेतलाच. कोणत्या संस्थेचा, किती कालावधीचा अभ्यासक्रम चालेल ते नाव घालून लिहा. निवड झाल्यावर प्रमाणपत्राची प्रत उमेदवाराच्या हाती न देता कार्यालयाने स्वतः संस्थेला पाठवावी आणि उत्तर आल्याशिवाय नेमणूक कायम करू नये.

मैदानी चाचणीतली ढिलाई

जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई अग्निशमन दलाच्या ९१० पदांसाठी दहिसरच्या मैदानावर भरती झाली, तेव्हा उंचीच्या मोजमापावरून महिला उमेदवारांनी आंदोलन केले होते. बरोबर कोण, या वादात न जाताही त्यातून व्यवस्था शिकता येते. भिंतीवर खडूने ओढलेली रेघ आणि कापडी टेप यांच्यावर कुणाची नोकरी ठरवू नये. स्थिर उंचीमापक, समोर कॅमेरा, मोजताच आकडा लिहिलेली चिठ्ठी, त्यावर उमेदवाराची सही, आणि हरकत असेल तर त्याच दिवशी दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर फेरमोजणी. उमेदवार घरी गेल्यावर आलेली हरकत कुणालाच मिटवता येत नाही.

धावणे सकाळी सहाला सुरू करून नऊच्या आत संपवावे, रुग्णवाहिका जागेवर उभी हवी. उंची, छाती, धाव या गोष्टी पोलिस भरतीतही तपासतात. इथे शिडी चढताना पाय थरथरतो का, अंधाऱ्या बंद खोलीत माणूस घाबरतो का, रंग ओळखता येतात का, हे पाहिले पाहिजे. नदीकाठच्या गावात पोहता येते का, हेही. चालकाची परीक्षा मोकळ्या मैदानात आठचा आकडा काढून संपवू नका. बाजारपेठेच्या बोळातून बंब मागे घ्यायला लावा आणि नंतर विहिरीतून पंपाने पाणी उचलायला सांगा. सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या नळीच्या) जोडातून हवा शिरत असेल तर पाणी चढत नाही. ते त्याला ओळखता येते का, तेवढे पाहिले तरी निम्मी परीक्षा झाली.

महिला फायरमन निवडून आल्या आणि स्थानकात स्वतंत्र स्वच्छतागृह नाही, असेही घडते. मग त्यांना नियंत्रण कक्षात फोनवर बसवतात आणि गाडीवरची संख्या पुन्हा कमी. बांधकामाची निविदा जाहिरातीबरोबरच काढावी.

सगळी पाळी ठेक्यावर

अकरा महिन्यांच्या ठेक्यावर आलेला मुलगा पंप शिकेपर्यंत ठेका संपतो. नवा ठेकेदार नवी माणसे आणतो. नाइलाज असेल तर एवढे तरी पाळा : पाळीचा प्रमुख आणि चालक दोघेही ठेक्याचे नकोत, विमा, गणवेश, हेल्मेट, बूट यांची जबाबदारी करारात नावानिशी लिहा, कायम कर्मचाऱ्यांइतकाच सराव त्यांना द्या. अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. अशा निधीतून गाडी येईल, तिच्यावरच्या पंचवीस माणसांचा दरमहाचा पगार मात्र नगरपरिषदेलाच उभा करावा लागेल. गाडीची मागणी आणि पदांचा प्रस्ताव म्हणूनच एकाच दिवशी पाठवावा.

देखरेख अतिरिक्त कार्यभारावर सोडणे

अग्निशमन विभागाचा कार्यभार आरोग्य निरीक्षकाकडे किंवा विद्युत पर्यवेक्षकाकडे, ही छोट्या नगरपरिषदांतली नेहमीची सोय. पगारपत्रक वेळेवर निघते, पण सराव झाला का, सिलिंडर भरले का, हे विचारणारा उरत नाही.

दुसरी बाजू इमारतींच्या तपासणीची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्याखाली इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचे असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बाळे गेली, त्यानंतर अशा तपासण्यांचा जोर वाढला. तो टिकवायचा तर १ फेब्रुवारी आणि १ ऑगस्टला थकबाकीदार इमारतींची यादी आपोआप निघाली पाहिजे. ना हरकत प्रमाणपत्र देणारा आणि नंतर तपासणारा अधिकारी एकच नसावा. तपासणीला जाणारे पाळीतले नसावेत, नाहीतर दुपारभर स्थानक रिकामे.

माणसे आहेत, गाडी आहे, तरी उशीर होतो

वर्दी पुस्तकात फक्त ‘घटनास्थळी पोहोचलो’ असे लिहिले असेल तर दोष सापडणार नाही. चार वेळा लिहायला लावा : वर्दी मिळाली, गाडी गेटबाहेर पडली, पोहोचली, पाणी सुरू झाले. शहरी भागात पोहोचण्याची अपेक्षा ५ ते ७ मिनिटांची धरली जाते.

पहिल्या दोन वेळांत मिनिटाहून जास्त अंतर असेल तर दोष स्थानकात : चालक दुसरीकडे झोपतो, बॅटरी उतरलेली, ब्रेकची हवा भरायला वेळ, दारासमोर लावलेल्या दुचाक्या. पुढचे अंतर जास्त असेल तर रस्ता, अतिक्रमण किंवा चुकीचा पत्ता. फोन घेणाऱ्याने खूण आणि परतीचा नंबर विचारला होता का ते पाहा. पोहोचूनही पाणी उशिरा सुरू झाले तर तो सरावाचा दोष.

पाणी सुरू होऊन मध्येच थांबले, तर टाकीचा हिशेब पाहा. २० मिलिमीटरच्या नोझलमधून साडेतीन बार दाबाला मिनिटाला साधारण ५०० लिटर जाते. ४,५०० लिटरची टाकी एका लाइनवर (होजच्या एका ओळीवर) नऊ मिनिटे चालते, दोन लाइनवर साडेचार. दुसरी लाइन लावायच्या आधी टँकर निघालेला हवा आणि तो बोलावण्याचा अधिकार पाळीच्या प्रमुखाला असावा, साहेबांना फोन लागेपर्यंत त्याला थांबावे लागू नये. श्वसनसंचाचेही तसेच. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारला सुमारे २,०४० लिटर हवा मावते. श्वासाला मिनिटाला ४० लिटर धरले तर ती पन्नास मिनिटे पुरेल असे दिसते, धावपळीत ६०-७० लिटर लागते आणि अर्ध्या तासात संपते. २०० बारवर ठेवलेला सिलिंडर तर वीस मिनिटांतच रिकामा होतो, म्हणून पाळी बदलताना दाब वाचून नोंदवहीत लिहायचा आणि घेणाऱ्याने सही करायची.

महिन्यातून एकदा रात्री दोन ते चारच्या दरम्यान मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः सरावाची वर्दी द्यावी, आधी कुणाला न सांगता. किती जण गाडीवर चढले तो आकडा हजेरीपटाशी ताडून पाहावा. फरक निघाला तर नोटीस देण्याआधी त्या महिन्याची रजा यादी आणि इतर कामांचे आदेश मागवावेत. गैरहजर दिसणारा फायरमन पुष्कळदा नगरपरिषदेनेच दुसरीकडे पाठवलेला असतो.