ग्रेडियंट मारायला शिकताना केलेल्या चुका, आणि फ्लेक्सवर आलेले पट्टे

आमच्याकडे नवीन लागलेल्या पोराने परवा विचारलं, दादा कोरलमध्ये (कोरलड्रॉ, आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाणारा रंग, भारी कसा मारायचा, म्हटलं थांब एकदाच सगळं लिहून देतो. मी सुरुवात केली ती तालुक्याच्या एका फ्लेक्सच्या दुकानात, तिथं शिकवायला कुणी नव्हतं, शेजारच्या ऑपरेटरची बोटं कीबोर्डवर कुठं पडतात ते बघायचं आणि तो चहाला गेला की आपण करून बघायचं.

बेसिक सोपंय. शेप सिलेक्ट करून एफ११ दाबलं की फाउंटन फिलची (कोरलमध्ये ग्रेडियंटचं हेच नाव) विंडो उघडते. पण विंडोत रमू नका, जी (G) दाबून इंटरॅक्टिव्ह फिल टूल घ्या आणि सरळ शेपवरच माउस ओढा, जिथनं ओढाल तिथं पहिला रंग, जिथं सोडाल तिथं दुसरा, मधल्या रेषेवर डबल क्लिक केलं की तिसरा. इलस्ट्रेटर आणि इंकस्केपमध्ये पण ग्रेडियंट टूलला जी हीच की आहे, त्यामुळे एकदा हात बसला की सॉफ्टवेअर बदललं तरी अडत नाही.

खरी मजा मराठी अक्षरांत येते. वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंचं नाव सोनेरीच पाहिजे असतं (आणि डबल आउटलाइन, ती तर हवीच). कंट्रोल क्यू मारून कर्व्ह केलं (म्हंजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार केले), अक्षरं सुटी केली आणि सगळी एकदम सिलेक्ट करून ग्रेडियंट दिला तर प्रत्येक तुकड्याला आपापला वेगळा ग्रेडियंट लागतो, म्हंजे नावावरनं एक चकाकी सरकत जायच्या ऐवजी प्रत्येक अक्षर स्वतंत्र चमकतं. मला कुणीतरी सांगितलं कंट्रोल एल मारून कंबाइन कर, केलं, तर शिरोरेषेत जिथं जिथं एक अक्षर दुसऱ्यावर चढलेलं होतं तिथं पांढरी भोकं पडली! आपली अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर चढतात, म्हणून वेल्ड (चढलेले तुकडे जोडून एकसंध करणारी कमांड) करायचं, कंबाइन नाही. वेल्ड केलं की पूर्ण नाव एकच शेप होतं आणि ग्रेडियंट या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

दुसरी गोष्ट काळा रंग. छपाईच्या शाया चार, सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), यलो आणि के म्हणजे काळी, आकडे टक्क्यांत; लाल म्हणजे मॅजेंटा १०० यलो १००. लाल ते काळा असा ग्रेडियंट देताना आपण काळा म्हणून नुसता के १०० घेतो, मग मध्यावर मॅजेंटा ५०, यलो ५०, के ५० असं काहीतरी होऊन बसतं आणि लाल राखेत लोळवल्यासारखा दिसतो. काळ्यातसुद्धा मॅजेंटा १०० यलो १०० ठेवा, वरनं के १००. मग मध्यभागी लाल मरत नाही, नुसता गडद होत जातो. लाल-हिरवा असे विरुद्ध रंग घेतले तर मधे चिखल होणारच, तिथं पिवळा वगैरे तिसरा रंग स्वतः टाकायचा.

आता पट्ट्यांची गोष्ट. २० बाय १० फुटांचा बॅनर, मागं आभाळ, डावीकडून उजवीकडे सायन ४० ते सायन ६०, एवढाच हलका ग्रेडियंट. स्क्रीनवर लोण्यासारखा. छापून आला तर उभे पट्टे, लांबूनसुद्धा दिसतील असे. मालक काही बोलले नाहीत, नुसते बॅनरकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले, त्यापेक्षा शिव्या बऱ्या. नंतर हिशोब केला: एका शाईला (चॅनेलला) फिक्या ते गडद छटांच्या पायऱ्या एकूण २५६, मी वापरला २० टक्के फरक, म्हणजे जेमतेम ५१ पायऱ्या, आणि रुंदी २४० इंच. एक पट्टा साधारण पावणेपाच इंचांचा, चांगला अर्धी वीत! मशीनची चूक नव्हतीच. तेव्हापासून एवढ्या मोठ्या मापाला रंगांत फरक जास्त ठेवतो, नाहीतर बॅकग्राउंडचं बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) करून त्यावर थोडा ॲड नॉइज (बारीक दाणे टाकणारा इफेक्ट) मारतो, कडा विस्कटतात आणि डोळा फसतो.

आणि काम कुठं जाणार ते आधी विचारा बाबांनो. मी एका दुकानाच्या काचेसाठी केशरी ते पिवळा असा झकास लोगो करून दिला, गिऱ्हाईक खूश, मग कळलं काम व्हिनाइल कटिंगचं आहे, म्हणजे रंगीत चिकट रोलमधनं आकार कापून चिकटवायचा. प्लॉटरचं (कापणाऱ्या मशीनचं) पातं नुसती कड कापतं, रंग जो रोलचा तोच. शेवटी काचेवर प्लेन केशरी लागला.